उजव्या हाताला मिसिसिपी: ग्रेट रिव्हर रोडचा प्रवास कसा आखायचा

ग्रेट रिव्हर रोड हा एक सलग रस्ता नाही, हे आधी पक्कं डोक्यात बसवा. सगळं नियोजन त्यावरच अवलंबून आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या इटास्का सरोवरापासून थेट लुइझियानात मेक्सिकोच्या आखातापर्यंत, मिसिसिपीच्या दोन्ही काठांनी जाणाऱ्या महामार्गांची, आतल्या छोट्या रस्त्यांची आणि गावोगावच्या मुख्य पेठांची ही साखळी आहे. १९३८ मध्ये नदीकाठची दहा राज्यं या कामासाठी एकत्र आली. पुढे नवा रस्ता बांधणं फार खर्चाचं ठरलं, म्हणून असलेलेच रस्ते जोडून घेतले. दोन्ही काठ धरून लांबी साधारण ३,००० मैल, म्हणजे ४,८०० किलोमीटरच्या आसपास. खूण सगळीकडे एकच: पाटीवर हिरवं-पांढरं जहाजाचं सुकाणूचक्र.

त्यामुळे इथे 'कुठून कुठे जायचं' याच्याइतकाच 'कुठल्या काठाने जायचं' हा प्रश्न महत्त्वाचा. तो सुटला की निम्मं काम झालं.

पायरी १: किती दिवस हातात आहेत ते प्रामाणिकपणे ठरवा

दहा दिवसांत अख्खी नदी उरकायचे बेत सर्रास सांगितले जातात. ते जमतं, पण रोज सहा-सात तास गाडीत बसायची तयारी हवी, आणि या रस्त्याची खरी मजा थांबण्यात आहे. माझा आग्रह असा, की पहिल्यांदा जाताना एकच टप्पा निवडा.

तीन दिवस असतील तर मिनियापोलिसहून विस्कॉन्सिनच्या काठाने ला क्रॉसपर्यंत खाली जा आणि मिनेसोटाच्या काठाने परत या. सगळं मिळून पाचेकशे किलोमीटर होतात. सहा-सात दिवस असतील तर मिनियापोलिस ते सेंट लुइस. दोन आठवडे किंवा जास्त असतील तरच उगमापासून मुखापर्यंतचा विचार करा.

दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर बेत करू नका. या रस्त्यांवर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर असते, पण गाव आलं की ती एकदम २५-३० मैलांवर उतरते, आणि गावं सारखी येत राहतात. सरासरी ताशी साठ किलोमीटर धरलेत तर हिशेब चुकणार नाही.

पायरी २: ऋतू निवडा

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ. पानांचे रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतात. सप्टेंबरच्या अखेरीस इटास्कापासून निघालात तर ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विस्कॉन्सिन-आयोवाच्या कड्यांवर रंग भरात असताना तुम्ही तिथे पोचता. या दिवसांत शनिवार-रविवारच्या खोल्या मात्र फार आधी भरतात.

वसंतात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, वितळलेला बर्फ आणि पाऊस मिळून नदी फुगते. काठची उद्यानं आणि संगमाची ठिकाणं पाण्याखाली जातात, रस्तेही बंद होतात. राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर प्रत्येक मोजणी केंद्राची पाणीपातळी आणि पुढच्या काही दिवसांचा अंदाज मिळतो, तो निघण्याआधी पाहाच. उन्हाळ्यात दिवस मोठे आणि होड्या, फेरीबोटी सगळं सुरू असतं, पण जून-जुलैत ला क्रॉसच्या परिसरात 'मेफ्लाय' नावाचे किडे एका रात्रीत लाखोंनी बाहेर पडतात. त्यांचे थवे हवामानाच्या रडारवर ढगांसारखे दिसतात, आणि मेलेल्या किड्यांनी पुलांवरचा रस्ता निसरडा होतो. अशा रात्री गाडी हळू चालवा किंवा चालवूच नका. दक्षिणेत जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ.

हिवाळ्यात फक्त गरुडांसाठी जावं. नदी गोठते, पण धरणांच्या खालच्या अंगाला पाणी वाहतं राहतं आणि पांढऱ्या डोक्याचे गरुड मासे पकडायला तिथे जमतात. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर हा नाद नको.

पायरी ३: काठ निवडा

अमेरिकेत वाहनं उजव्या बाजूने चालतात. दक्षिणेकडे जाताना पूर्व काठ धरलात तर नदी उजव्या हाताला राहते. समोरून येणारी वाहतूक न ओलांडता हव्या त्या थांब्यावर वळता येतं आणि शेजारी बसलेल्याला पाणी सतत दिसतं. उत्तरेकडे परतताना पश्चिम काठ धरायचा, म्हणजे नदी पुन्हा उजवीकडेच. नर्मदा परिक्रमेत मैया उजव्या हाताला ठेवतात, तसाच हा क्रम. फरक इतकाच, की इथे पात्र ओलांडायला मनाई नाही, उलट पूल ओलांडत राहण्यातच फायदा आहे.

उन्हाचाही विचार करा. पूर्व काठावरून सूर्यास्त पाण्यापलीकडे दिसतो, पश्चिम काठावरून सूर्योदय. म्हणून तीन दिवसांच्या फेरीत दुपार-संध्याकाळ विस्कॉन्सिनच्या बाजूला आणि सकाळ मिनेसोटाच्या बाजूला येईल अशी मुक्कामाची गावं घ्या.

पायरी ४: परवाना, गाडी, विमा

मुलांकडे आलेल्या आईवडिलांना किंवा भारतातून फिरायला येणाऱ्यांना भारतीय परवान्यावर बहुतेक राज्यांत ठरावीक काळ गाडी चालवता येते, पण नियम राज्यागणिक बदलतात आणि या रस्त्यावर तर दहा राज्यं लागतात. म्हणून निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या. ते एक वर्ष चालतं आणि मूळ परवान्याबरोबरच दाखवायचं असतं. नुसतं परमिट पुरत नाही.

भाड्याची गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची असेल तर त्याचं वेगळं शुल्क पडतं, आणि ते कधीकधी भाड्याइतकंच असतं. आरक्षण करताना परतीचं शहर आधीच टाकून एकूण रक्कम पाहा. चालक पंचवीस वर्षांच्या आतला असेल तर जादा आकार लागतो. विम्यात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई धरली आहे ना, हे वाचून घ्या. केवळ भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा विमा पुरेसा नाही.

तीन नियम घरच्या सगळ्यांना पाठ असू द्या. चौकात चारही बाजूंना 'स्टॉप' असेल तर पूर्ण थांबायचं आणि आधी आलेला आधी जातो. पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून उभी असेल तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी थांबायचं. आणि पोलिसांनी थांबवलं तर गाडीतून उतरायचं नाही, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे. संध्याकाळी हरणं रस्त्यात येतात, एक गेलं की मागून दुसरं येतंच, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.

पायरी ५: नकाशा असा लावा

मोबाइलवरच्या नकाशात नुसतं 'सेंट लुइस' टाकलंत तर तो तुम्हाला आंतरराज्य महामार्गावर नेऊन सोडेल आणि नदी दिसणारही नाही. सेटिंगमध्ये महामार्ग टाळण्याचा पर्याय निवडा आणि मधली छोटी गावं एकेक थांबा म्हणून टाका: प्रेस्कॉट, पेपिन, अल्मा, ट्रेम्पेलो, अशी. कड्यांच्या पायथ्याशी मोबाइलला रेंज जाते, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवा. मिसिसिपी रिव्हर पार्कवे कमिशन या मार्गाचा नकाशा फुकट देतं. तो कागदी नकाशा मांडीवर घेऊन बसलेला माणूस कुठल्याही अ‍ॅपपेक्षा चांगला वाटाड्या ठरतो, हे खरंच करून पाहा. पाट्यांच्या भरवशावर मात्र राहू नका. वळणावरची नेमकी पाटी झाडाआड असते.

उगम: इटास्का ते मिनियापोलिस

इटास्का स्टेट पार्क मिनियापोलिसपासून सरळ रस्त्याने चारेक तासांवर आहे. १८९१ मध्ये स्थापन झालेलं हे मिनेसोटाचं सर्वांत जुनं राज्य उद्यान. सरोवरातून पाणी बाहेर पडतं तिथे दगडांची एक ओळ आहे. त्यावरून चालत मिसिसिपी ओलांडता येते, आणि पाणी गुडघाभर. दगड शेवाळलेले असतात, रबरी तळाची चप्पल घाला. सकाळी आठच्या आत गेलात तर ही जागा जवळजवळ तुमची एकट्याची असते. इथून निघालेलं पाणी आखातात पोचायला साधारण नव्वद दिवस लागतात.

उगमापासून नदी आधी उत्तरेला बेमिजीकडे जाते, मग पूर्वेला वळसा घेऊन दक्षिणेला लागते. हा सगळा वळसा गाडीने करायचा तर दोन दिवस लागतात आणि बराच वेळ दिसतं ते जंगल. सरोवरं आणि शांतता आवडत असेल तर जा, नाहीतर उगम पाहून सरळ मिनियापोलिसला या. तिथे १८८३ चा स्टोन आर्च ब्रिज पायी ओलांडा. खाली सेंट अँथनी धबधबा आणि काठाला जुन्या पिठाच्या गिरण्या. या शहराची भरभराट याच धबधब्याच्या जोरावर झाली.

गाभा: प्रेस्कॉट ते डब्युक

हा सगळ्या रस्त्याचा सर्वांत सुंदर भाग, तेव्हा वेळ राखायचा तो यासाठी. हिमयुगातल्या हिमनद्यांनी हा प्रदेश सपाट केला नाही, त्यामुळे दोन्ही काठांना दीडशे मीटरपर्यंत उंच चुनखडीचे कडे उभे राहिले. विस्कॉन्सिनचा हायवे ३५ या कड्यांच्या पायथ्यातून जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ आणि लगेच पाणी.

प्रेस्कॉटला सेंट क्रॉई नदी येऊन मिळते. तिथून खाली लेक पेपिन लागतं. हे सरोवर म्हणजे मिसिसिपीच आहे. चिपेवा नदीने आणलेल्या गाळाने पात्र अडलं आणि नदी पस्तीसेक किलोमीटर लांब, तीन किलोमीटरपर्यंत रुंद पसरली. काठावरचं स्टॉकहोम हे जेमतेम शंभराच्या आतलं गाव तिथल्या 'पाय' (pie) या भाजलेल्या गोड पदार्थासाठी प्रसिद्ध आहे. दुपारनंतर गेलात तर संपलेले असतात.

अल्माला मात्र किमान तीन तास द्या. गावामागच्या ब्युएना व्हिस्टा कड्यावर गाडीने जाता येतं. वरून नदीचे फाटे, बेटं आणि पलीकडची मिनेसोटाची टेकाडं एका नजरेत येतात. मग खाली उतरून लॉक अँड डॅम क्रमांक ४ पाहायला या. वरच्या मिसिसिपीवर १९३० च्या दशकात धरणांची मालिका बांधली, ती पूर थोपवायला नव्हे, तर जहाजांसाठी नऊ फूट खोलीचा मार्ग राखायला. प्रत्येक धरणाला एक लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद; त्यातलं पाणी भरून किंवा उतरवून जहाज वर-खाली नेतात. पाण्याचा जिनाच.

वरून मालवाहू ताफा येताना दिसला तर जागचे हलू नका. एक टोबोट पुढे पंधरा बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू होड्या, ढकलत आणते, तीन रुंदीला आणि पाच लांबीला, प्रत्येकीत दीडेक हजार टन मका, सोयाबीन किंवा खत. ताफ्याची रुंदी १०५ फूट, लॉकची ११०. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच-अडीच फूट. आणि लॉकची लांबी ६०० फूट, तर ताफा त्याच्या जवळजवळ दुप्पट. मग पहिल्या नऊ बार्ज आत घालतात, खलाशी पोलादी दोर सोडवून त्या वेगळ्या करतात, टोबोट उरलेल्या सहांसह मागे सरते, दार बंद होतं, पाणी उतरतं, नऊ बार्ज पुढे ओढून बांधतात. मग लॉक पुन्हा भरतो आणि मागचा भाग येतो. सगळं आवरायला दीड ते दोन तास लागतात. लहान मुलांनाही हे कंटाळवाणं होत नाही, कारण सारखं काहीतरी घडत असतं.

तीन दिवसांच्या फेरीवाल्यांनी ला क्रॉसला ग्रँडॅड ब्लफवर सूर्यास्त गाठून पूल ओलांडावा. मिनेसोटाकडच्या हायवे ६१ ने परतताना वबाशाचं नॅशनल ईगल सेंटर चुकवू नका. जखमी झाल्यामुळे पुन्हा सोडता न येणारे गरुड तिथे हातभर अंतरावरून पाहता येतात. नोव्हेंबरमध्ये गेलात तर ला क्रॉसच्या खाली मिनेसोटातल्या ब्राउन्सव्हिलजवळ टुंड्रा हंसांचे थवे उतरलेले असतात. दुर्बीण हवीच.

पुढे जाणाऱ्यांनी प्रेअरी डू शीनला पूल ओलांडून आयोवात जावं, कारण तिथून काही अंतर पश्चिम काठ सरस आहे. इफिजी माउंड्समध्ये मूळ रहिवाशांनी अस्वलं आणि पक्ष्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे रचले आहेत. दोनशेहून जास्त आहेत, आणि आजही अनेक जमातींसाठी ती पवित्र भूमी आहे, म्हणून पायवाट सोडून उंचवट्यावर चढू नका. जवळच पाइक्स पीक स्टेट पार्कच्या कड्यावरून विस्कॉन्सिन नदीचा संगम दिसतो. १६७३ मध्ये मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच प्रवासी याच संगमातून मिसिसिपीत उतरले. मग डब्युक. तिथलं नदीचं संग्रहालय आणि मत्स्यालय अर्धा दिवस खातं, आणि ते वसूल होतं.

डब्युक ते सेंट लुइस

इथे कडे कमी होतात, शेतं वाढतात. दोन काठांत फार फरक नाही, सोयीचा धरा आणि ग्राफ्टनपर्यंत जरा वेगाने या. ग्राफ्टन ते ऑल्टन हा इलिनॉयचा पंचवीसेक किलोमीटरचा हायवे १०० मात्र सावकाश चालवायचा. डावीकडे पांढरा कडा, उजवीकडे नदी, मध्ये दुसरं काही नाही. ऑल्टनजवळ मेल्विन प्राइस लॉकवर नदीचं संग्रहालय आहे. अल्माला लॉक पाहिला असेल तर इथला १,२०० फुटी लॉक पाहून फरक लगेच कळतो: अख्खा ताफा एका दमात जातो. सेंट लुइसला १९२ मीटर उंच गेटवे आर्चवर जायचं तर तिकीट आधी काढा. आणि पलीकडच्या काठावरचे काहोकिया माउंड्स, मूळ रहिवाशांच्या मातीच्या उंचवट्यांचं हे युनेस्कोचं वारसास्थळ, आर्चसाठी टाळू नका.

शाकाहारी मंडळींसाठी

छोट्या गावांत पर्याय मोजके. विस्कॉन्सिनमध्ये तळलेले चीज कर्ड्स, ग्रिल्ड चीज सँडविच, आयोवात पेट्रोल पंपावर मिळणारा पिझ्झा, आणि मेक्सिकन हॉटेलं. मात्र मेक्सिकन घोटलेल्या राजम्यात आणि दक्षिणेतल्या पालेभाज्यांत डुकराची चरबी किंवा मांस असू शकतं. 'मांस नाही' एवढं ऐकून थांबू नका, चरबीचंही विचारा. आमच्याकडे डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग असतंच. मोटेलच्या खोलीत मायक्रोवेव्ह आणि फ्रिज आहे का, हे आरक्षणाच्या वेळी पाहिलंत की दहीभात, मेतकूट यावर रात्र छान निघते. किराणा मोठ्या शहरात भरून घ्या.

सेंट लुइसच्या खाली: नदी शोधावी लागते

हा भाग वेगळ्या तयारीने करायचा. केप जिरार्डोच्या खाली नदी मातीच्या उंच तटबांधांआड जाते. १९२७ च्या महापुरानंतर ते वाढवले, मजबूत केले. रस्ता बांधाच्या आत, नदी पलीकडे. तासन्तास गाडी चालवूनही पाणी दिसत नाही. म्हणून इथे काठाऐवजी थांबे निवडा.

इलिनॉयच्या दक्षिण टोकाच्या कैरोला ओहायो नदी मिळते, आणि संगमाशी पाणी जास्त ओहायोचंच असतं. दोन्ही रंग शेजारी शेजारी दिसतात. टेनेसीतलं रीलफूट लेक १८११-१२ च्या भूकंपांनी तयार झालं. पाण्यात उभी सायप्रसची झाडं पाहायला पहाटे जा. मेंफिसला जुन्या हॅराहॅन पुलावरून नदी पायी ओलांडता येते.

पण मेंफिसमध्ये सर्वांत आधी वेळ द्यावा तो लोरेन मोटेलला. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या तिथे झाली. आता तिथे नागरी हक्क संग्रहालय आहे. १९५९ च्या भारतभेटीत किंग मुंबईला, गांधीजी जिथे राहत त्या मणिभवनात मुक्कामाला राहिले होते. ज्यांनी गावदेवीची ती वास्तू पाहिली आहे त्यांनी इथे यावंच. पूर्ण दुपार मोकळी ठेवा आणि त्या दिवशी पुढे गाडी चालवायचा बेत करू नका.

पुढे हायवे ६१ मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या सपाट प्रदेशातून जातो. क्लार्क्सडेलला ब्लूज संगीताचं संग्रहालय आहे. अमेरिकी यादवी युद्धातला व्हिक्सबर्गचा १८६३ चा वेढा ज्या नदीसाठी पडला, ती नदी १८७६ मध्ये पात्र बदलून शहरापासून दूर गेली. आज समोर दिसतो तो वळवून आणलेला कालवा. नॅचेझला मात्र नदी उंच काठाखालून वाहते, तिथे एक मुक्काम करा.

बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या पट्ट्यात जुने उसाचे मळे आणि रासायनिक कारखाने शेजारी शेजारी आहेत. देखण्या वाड्या-हवेल्यांची सहल विकणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही व्हिटनी प्लँटेशनला जा. २०१४ पासून सुरू असलेलं हे संग्रहालय गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांच्या बाजूने हा इतिहास सांगतं. ते पाहिल्याशिवाय बाकीच्या हवेल्यांचा अर्थ लागत नाही.

न्यू ऑर्लिन्सला कॅनॉल स्ट्रीटहून अल्जिअर्सला जाणारी प्रवासी फेरीबोट हा नदीवर उतरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग. शेवटी हायवे २३ ने व्हेनिसपर्यंत जायचं असेल तर जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर धरा. व्हेनिसला रस्ता संपतो, समुद्र तिथून दिसत नाही, पुढे होडीच लागते. त्यामुळे विमान संध्याकाळचं असेल तर हा बेत त्याच दिवशी ठेवू नका. आदल्या दिवशी जाऊन या, टाकी न्यू ऑर्लिन्समध्येच भरून निघा, आणि गाडी परत करायच्या वेळेआधी विमानतळाजवळ टाकी पुन्हा भरायला अर्धा तास वेगळा राखून ठेवा.